मॅक्रोच्या लूपमध्ये नको ते घटक वगळणे

वर्ड प्रोसेसरमधील मॅक्रो (ठरावीक काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) दस्तऐवजातले परिच्छेद, शब्द, तक्ते किंवा फोल्डरमधल्या फायली एकामागून एक हाताळत असताना (या फेऱ्यांनाच लूप म्हणतात) त्यांतल्या काहींना हात न लावता पुढच्याकडे जाण्याची तजवीज. इथे लूप थांबत नाही, फक्त ती एक फेरी रिकामी जाते. नवशिके मात्र लूपमधूनच बाहेर काढणारे ‘एक्झिट फॉर’ लिहून मोकळे होतात आणि पहिला नकोसा परिच्छेद भेटताच अख्खा मॅक्रो गुंडाळला जातो.

वर्डमध्ये १९९७च्या आवृत्तीपासून व्हीबीए (व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स) ही मॅक्रोची भाषा आहे. त्याआधी वर्डबेसिक होती. सी किंवा पायथनमध्ये फेरी सोडून देण्यासाठी ‘कंटिन्यू’ असते, व्हिज्युअल बेसिकलाही ते २००५ साली मिळाले, पण व्हीबीएला आजतागायत नाही. त्यामुळे चालू पद्धती दोन. एकीत अट उलटी करून ‘असा नसेल तर काम कर’ असे लिहायचे आणि सगळे काम त्या अटीच्या पोटात ठेवायचे. दुसरीत फेरी संपवणाऱ्या ‘नेक्स्ट’च्या ओळीआधी एक लेबल (खुणेचे नाव) लावून ‘गो टू’ने तिथे उडी मारायची. ‘गो टू’ला पुस्तकी मंडळी नाके मुरडतात, पण अटी चार-पाच झाल्या की एकात एक घातलेल्या ‘इफ’पेक्षा लेबलची उडीच वाचायला सोपी पडते. एकदाच फिरणारा ‘डू’ लूप आत घालून ‘एक्झिट डू’ने बाहेर पडण्याचीही युक्ती आहे, ती फारशी रुळली नाही.

उडी कुठे मारायची यापेक्षा नकोसा घटक ओळखणे हे जास्त अवघड काम आहे. मुंबईतल्या मराठी मजकुराच्या कामात याचा पुरेपूर अनुभव येतो. दादर-गिरगावातली प्रकाशने, फोर्टमधल्या वकिलांच्या कचेऱ्या, सोसायट्यांची कार्यालये अशा ठिकाणी श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, आणाव्या लागतात. या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले असतात; संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच. शपथपत्रात मधेच आलेले इंग्रजी कलम किंवा कंपनीचे नाव मॅक्रोने वगळले नाही, तर त्याचेही देवनागरी कडबोळे होते. संकेतांवरून दोन्हींतला फरक कळत नाही, फक्त फॉन्टच्या नावावरून कळतो. परिच्छेदात दोन फॉन्ट मिसळले असतील तर वर्ड नावाऐवजी रिकामी अक्षरमाळा परत करतो. अशा वेळी परिच्छेदावरून शब्दावर आणि गरज पडल्यास एकेका अक्षरावर उतरावे लागते. काम संथ होते, पण दुसरा मार्ग नाही.

उलट दिशेने, म्हणजे युनिकोड मजकूर वगळायचा असेल तर काम सोपे. देवनागरीचे संकेत २३०४ ते २४३१ या पट्ट्यात आहेत, तेव्हा अक्षराचा संकेत तपासला की झाले. मात्र व्हीबीएचा संपादक युनिकोड जाणत नाही. ‘परिशिष्ट’ने सुरू होणारे परिच्छेद वगळायचे म्हणून तो शब्द थेट कोडमध्ये लिहिला तर तिथे प्रश्नचिन्हांची रांग उमटते, एकेक अक्षर त्याच्या संकेताने जोडावे लागते. शिवाय ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ने किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि अदृश्य जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत मात्र जुळत नाहीत, आणि वगळायच्या यादीत एकच रूप असेल तर दुसरे निसटते.

रिकामे परिच्छेद हे वगळण्याचे नेहमीचे गिऱ्हाईक. रिकाम्या परिच्छेदाची लांबी शून्य नसून १ असते, कारण शेवटची परिच्छेदखूण मोजली जाते. तक्त्याच्या रिकाम्या चौकटीत ती २ भरते. ऑपरेटरने टॅब किंवा न तुटणारी जागा दिली असेल तर कडेच्या साध्या मोकळ्या जागा काढणारे ‘ट्रिम’ ती काढत नाही. रिकामे परिच्छेद खोडतानाही एक वगळावा लागतो: दोन तक्त्यांमधला. तो उडाला की तक्ते एकमेकांना चिकटतात.

खोडण्याच्या कामात नको तेच आपोआप वगळले जाते, हा उलटा घोळ. ‘फॉर ईच’ने पुढे जाताना एक परिच्छेद खोडला की त्यानंतरचा त्याच्या जागी सरकतो आणि लूप त्याला ओलांडून जातो, लागोपाठच्या दोन रिकाम्या परिच्छेदांतला एक शिल्लक राहतो. म्हणून अशा वेळी शेवटून सुरुवात करून १ पर्यंत उलटे मोजत यायचे.

व्हीबीएमधील ‘अँड’ दोन्ही बाजू नेहमी तपासते. ‘तक्ता असेल आणि पहिल्या तक्त्यात अमुक असेल’ ही अट एका ओळीत लिहिली तर तक्ता नसतानाही दुसरा भाग तपासला जातो आणि ५९४१ क्रमांकाची चूक येते. त्यावर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (चूक झाली तरी पुढच्या ओळीवर जा) टाकणे हा सर्रास केला जाणारा आणि सर्वांत घातक उपाय. ‘इफ’ची अट तपासतानाच चूक झाली तर मॅक्रो पुढच्या ओळीवर, म्हणजे ‘इफ’च्या आत, शिरतो, जो घटक टाळायचा होता त्याच्यावरच काम होते. चूक होताच लेबलवर उडी मारण्याची वाटही अर्धवटच: ‘रिझ्यूम’ (चूक हाताळून झाली, पुढे चला) न देता तिथून लूप चालू ठेवला तर पहिली चूक पचते, दुसरीला मॅक्रो अडकतो.

फायलींच्या लूपमध्ये ‘~$’ने सुरू होणाऱ्या नावांकडे लक्ष द्यावे लागते. वर्डमध्ये फाइल उघडी असताना तयार होणाऱ्या त्या लपलेल्या फायली होत. फायलींची नावे देणारी व्हीबीएची ‘डिर’ ही आज्ञा त्या आपसूक टाळते, त्याच कामाचे दुसरे साधन फाइल सिस्टिम ऑब्जेक्ट टाळत नाही.

हातातल्या फायलीवर मॅक्रो सोडण्याआधी एक रंगीत तालीम करतात. बदल करण्याऐवजी वगळल्या जाणाऱ्या घटकांवर पिवळा हायलाइट मारायचा आणि पाने चाळायची. वर्ड २०१०पासून मॅक्रोचे सगळे बदल एकाच ‘अन्डू’मध्ये बांधता येतात, त्यामुळे तो रंग पुसायलाही एकच कळ पुरते.