पुण्यातून म्युरफिल्डला गोल्फ खेळायला जायचंय? आधी क्लबची फाईल, मग व्हिसाची

येरवड्याला सकाळी सकाळी राऊंड झाल्यावर चहाला बसलं की कधीतरी विषय निघतोच, एकदा तरी स्कॉटलंडला समुद्राकाठच्या लिंक्स कोर्सवर खेळायचं. त्यात म्युरफिल्डचं नाव हमखास, कारण ओपन चॅम्पियनशिप, म्हणजे गोल्फच्या सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एक, तिथे 16 वेळा झालीये, शेवटची 2013 मधे. पण हा प्रायव्हेट क्लब आहे, बाहेरच्यांना सहसा मंगळवार आणि गुरुवारीच खेळू देतात. त्यामुळे टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, आधी पक्की करा आणि मग विमानाचं बघा. आमच्या ग्रुपमधल्या एकाने स्वस्त मिळालं म्हणून शुक्रवार ते सोमवारचं तिकीट काढलं आणि बिचारा कोर्स नुसता बाहेरून बघून आला, अजून हळहळतो.

पात्रता म्हणजे मुख्य हँडिकॅप, म्हणजे तुम्ही किती चांगलं खेळता ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. नुसतं "मी बारा-चौदा खेळतो" सांगून भागत नाही, इंडेक्सचं, म्हणजे तुमच्या स्कोअरवरून काढलेल्या अधिकृत हँडिकॅपचं, सर्टिफिकेट लागतं. आपल्याकडे हा आकडा काढायच्या जागतिक पद्धतीचं, वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिमचं, काम इंडियन गोल्फ युनियन बघते. ज्यांचा इंडेक्स अजून नाहीये त्यांनी होम क्लबमधे किमान 54 होलचे स्कोअर द्यायचे, म्हणजे 18 होलची 3 स्कोअरकार्डं, तेवढ्यावर पहिला इंडेक्स निघतो. आणि कार्डं खरी द्या हो, म्युरफिल्डचा वारा काही लपू देत नाही. तिथले पहिले नऊ होल बाहेरून एका दिशेने फिरतात आणि पुढचे नऊ आतून उलट्या दिशेने, त्यामुळे वारा सारखा बाजू बदलत अंगावर येतो. हँडिकॅपचं लिमिट किती ते बुकिंगच्या वेळी क्लबच्या साइटवर बघून घ्या. बायकांना मेंबरशिप 2017 च्या मतदानानंतर मिळायला लागली, पाहुणी म्हणून मात्र त्या आधीपासून खेळताहेत, तेव्हा मैत्रिणींनो बिनधास्त बुक करा.

आता व्हिसा. लागतो तो ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर, अर्ज ऑनलाइन, प्रवासाच्या जास्तीत जास्त 3 महिने आधी भरता येतो, निकाल साधारण 3 आठवड्यांत येतो. फिंगरप्रिंट आणि फोटो पुण्यातच होतात, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, नोकरी असेल तर कंपनीचं पत्र ज्यात पगार आणि रजा लिहिलेली आहे, धंदा असेल तर त्याचे कागद. पैसे अचानक खात्यात आलेले दिसले तर ते कुठून आले त्याचा पुरावा पण जोडा. सातबारा, मराठीतला विवाह दाखला असं काही देणार असाल तर इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्यावर भाषांतरकाराची सही, तारीख, पूर्ण नाव आणि संपर्क पाहिजे.

इथे बरेच जण चुकतात. हँडिकॅप सर्टिफिकेट, क्लबच्या ट्रॉफीचे फोटो, हॉटेलचं बुकिंग सगळं व्हिसाच्या फाईलमधे कोंबतात. ब्रिटिश सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमधे छंद-खेळाची सर्टिफिकेटं आणि हॉटेल बुकिंग पुरावा म्हणून देऊ नका असं सरळ म्हटलंय. त्यांना बघायचं असतं की खर्च झेपतोय का आणि तुम्ही परत येणार का, तुमचा ड्राइव्हचा फटका किती लांब जातो त्याच्याशी त्यांना घेणं नाही.

जाताना हँडिकॅपचा कागद आणि बुकिंगचा मेल छापून हँडबॅगेत ठेवा. क्लबहाउसमधे जेवायला पुरुषांना जॅकेट आणि टाय लागतो, तोही त्याच बॅगेत.