‘लेव्हल’ या शब्दाचा गुंता: ऑब्लिव्हियनसाठी मॉड निवडण्याची पार्श्वभूमी

२०२५ च्या एप्रिलमध्ये बेथेस्डा कंपनीच्या ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतल्या ऑब्लिव्हियन या कॉम्प्युटर गेमची नव्यानं घडवलेली आवृत्ती आली, तेव्हापासून नांदेड-लातूरकडच्या ओळखीच्या पोरांचा एकच प्रश्न आहे: नवा गेम घ्यावा, की जुन्यालाच मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल, टाकून खेळावं? बहुतेकांच्या बाबतीत लॅपटॉपच निकाल लावून टाकतो. नव्या आवृत्तीला १२५ जीबी जागा आणि किमान १६ जीबी रॅम लागते. २००६ च्या मूळ गेमचं ४.६ जीबी जागेत आणि ५१२ एमबी रॅमवर भागायचं. कॉलेजसाठी घेतलेल्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रावर जुनाच चालणार, हे उघड आहे. मग पुढचा प्रश्न येतो, मॉड कोणते? याद्या ढीगभर मिळतात. पण त्या यादीतला एक मॉड घेतला तर दुसरा का घेता येत नाही, हे यादी सांगत नाही. त्यासाठी २००६ सालच्या एका निर्णयापर्यंत मागं जावं लागतं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. मालिकेतला पहिला गेम १९९४ चा, दुसरा १९९६ चा. मॉडच्या दृष्टीनं खरी सुरुवात २००२ च्या मोरोविंडपासून झाली, कारण कंपनीनं गेमच्या सीडीसोबतच जग घडवायचं अवजार, म्हणजे कन्स्ट्रक्शन सेट, खेळणाऱ्यांच्या हातात दिलं. २० मार्च २००६ ला ऑब्लिव्हियन आला तोवर लोकांना गेम उघडून दुरुस्त करायची सवय लागलेली होती. त्याचाही कन्स्ट्रक्शन सेट फुकट डाउनलोड करता यायचा.

आता ‘लेव्हल’. या एका शब्दानं आपल्याकडं जेवढा घोटाळा केला तेवढा दुसऱ्या कशानंच केला नसेल. माझ्या पिढीनं हा शब्द टीव्हीला जोडायच्या कॅसेटच्या गेमवर शिकला. काँट्रा, मारिओ. ‘कितव्या लेव्हलला गेलास?’ म्हणजे कुठवर पोचलास. लेव्हल ही जागा होती. एक पार केली की दुसरी, आणि दुसरी पहिलीपेक्षा अवघड. त्यामुळे परदेशी खेळाडू ऑब्लिव्हियनच्या ‘लेव्हल स्केलिंग’वर तावातावानं लिहीत होते तेव्हा आमच्या हॉस्टेलवर कुणालाच त्यात गैर दिसेना. पुढं जाईल तसा गेम अवघड होतो, यात नवल ते काय?

ऑब्लिव्हियनमध्ये लेव्हल जागेची नसते, माणसाची असते. तुमच्या पात्राची लेव्हल १ असेल, ५ असेल, २० असेल. आणि जग त्या आकड्याकडं बघून स्वतःला बदलतं. तीच गुहा लेव्हल १ ला गेलात तर किरकोळ जनावरांची, लेव्हल २० ला गेलात तर बलाढ्य राक्षसांची. रस्त्यातला वाटमाऱ्या हे सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं उदाहरण. सुरुवातीला तो अंगावर चामडं घालून शंभर नाणी मागतो. तुमची लेव्हल चढली की तोच काचेचं चिलखत घालून उभा असतो. एरवी ते मोठ्या दुकानातही सहज मिळत नाही आणि त्याची किंमत हजारो नाण्यांत असते. मागतो मात्र तीच शंभर नाणी. जे अंगावर आहे ते विकलं तर त्याला आयुष्यात वाट अडवायची गरज पडणार नाही.

आमच्या मेसवरच्या लातूरच्या एका मित्रानं हे फार नेमकं समजावलं होतं. तो म्हणाला, ‘अभ्यास जितका वाढवावा तितकाच पेपर अवघड निघत असेल, तर मार्क वाढणार कुठून?’ वर्षभर क्लासेसमध्ये घासून आलेल्या पोरालाच ही गोष्ट इतक्या लवकर टोचली, हे साहजिक होतं. त्या दिवसापासून हॉस्टेलवर वाद समजून-उमजून सुरू झाले.

या निर्णयामागचा हेतू चांगला होता, हेही लिहिलं पाहिजे. पहिल्या तासापासून कुठल्याही दिशेला जावं, कुठंही दार बंद मिळू नये, कुठं एका फटक्यात मरू नये, यासाठी हे केलेलं होतं. कल्पनाही नवी नव्हती. १९९६ च्या डॅगरफॉलमध्ये शत्रू तुमची लेव्हल बघूनच यायचे, आणि मोरोविंडमध्येही काही ठिकाणी हाच हिशेब होता. २००६ मध्ये तो जवळपास सगळीकडं पसरला: जनावरं, दरोडेखोर, त्यांची हत्यारं, पेटीतला माल, कामगिरीचं बक्षीस. बक्षिसाची गोष्ट तर फारच लागते. एखादी नावाजलेली तलवार लेव्हल ५ ला मिळाली तर ती त्या लेव्हलची मिळते आणि कायम तशीच राहते. जो लवकर धाडस करतो त्याच्या पदरात कमजोर तलवार पडते. माझ्या मते खरं नुकसान इथं आहे. वाटमाऱ्याचं चिलखत त्यामानानं वरवरचं आहे.

त्यात तुमची स्वतःची लेव्हल मोजायची रीत आणखी भर घालते. सात मुख्य कौशल्यं निवडायची, त्यांत मिळून दहा वाढी झाल्या की झोपायचं, मग लेव्हल चढते. चढताना ताकद, चपळाई अशा गुणांना बोनस मिळतो, पण तो मधल्या काळात त्या गुणाखालची कौशल्यं किती वाढली यावर ठरतो. पूर्ण पाचचा बोनस हवा तर दहा वाढी लागतात. म्हणून जो मनाला येईल तसा खेळतो त्याची लेव्हल भराभर चढते, गुण मागं राहतात, आणि जग मात्र त्याच्या लेव्हलकडंच बघतं. तो चढत-चढत दुबळा होतो. यावर हुशार खेळाडूंनी तोडगा काढला तो असा: जी कौशल्यं वापरायची नाहीत तीच मुख्य म्हणून निवडायची. काहींनी झोपणंच सोडलं. लेव्हल २ वर राहून मुख्य कथा संपवता येते, आणि तो सगळ्यात सोपा मार्ग निघाला. पात्र मोठं करण्यासाठीच जो गेम खेळायचा, त्यात मोठं न होणं फायद्याचं ठरलं.

कॅसेटवाल्या पिढीचा दुसरा गैरसमज सेटिंगमधल्या अवघडपणाच्या पट्टीबद्दल होता. पट्टी मागं ओढली की स्केलिंगचा त्रास जाईल, असं वाटायचं. पट्टी फक्त मार कमी-जास्त करते: पूर्ण उजवीकडं नेली तर शत्रूचा फटका सहापट, तुमचा एक षष्ठांश. कोण कुठं उभा आहे आणि त्याच्या अंगावर काय आहे, यात ती काहीच बदलत नाही. आजही कुणी ‘सोप्या लेव्हलवर टाक ना’ असं म्हणतो तेव्हा तिन्ही अर्थ एकत्र कालवलेले असतात.

मोठे मॉड या एका निर्णयाला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत. ट्रिपल-ओ म्हणून ओळखला जाणारा मॉड सांगतो की जागेला तिचं स्वतःचं बळ असावं. काही गुहा पहिल्या दिवसापासून जीवघेण्या, भारी माल दुर्मिळ, आणि चुकीच्या ठिकाणी गेलात तर पळा. फ्रान स्केलिंग ठेवतो, पण त्याला मर्यादा घालतो. एमएमएम जनावरांची विविधता आणि संख्या वाढवतो. या तिघांची मोट बांधायला एफकॉम आला, आणि तो बसवता बसवता भल्याभल्यांची आठवड्याची सुट्टी गेली. पात्राची लेव्हल मोजायची रीत बदलणारे एनजीसीडीसारखे मॉड आणखी वेगळे.

हे एकमेकांत का अडकतात, तर सगळे एकाच ठिकाणी हात घालतात. गेममध्ये ‘लेव्हल्ड लिस्ट’ नावाचे तक्ते असतात: अमुक लेव्हलला ही वस्तू, तमुक लेव्हलला तो प्राणी. दोन मॉडनी एकच तक्ता बदलला, तर लोड ऑर्डरमध्ये, म्हणजे मॉड चढवायच्या क्रमात, जो शेवटी आहे त्याचाच तक्ता चालतो आणि आधीच्याची मेहनत नुसती बसून राहते. गेम बंद पडत नाही, चूकही दाखवत नाही, त्यामुळे महिनाभर कळतच नाही. यावर उपाय निघाला तो बॅश्ड पॅच. सगळ्या मॉडचे तक्ते एकत्र करून तो एक नवी फाइल तयार करतो. ज्याला हे कळलं त्यानं अर्धी लढाई जिंकली.

आपल्याकडं या निवडीला आणखी दोन टोकं होती, वीज आणि वजन. मी इंजिनिअरिंगला औरंगाबादला होतो, आता छत्रपती संभाजीनगर, आणि सुट्टीत बीड जिल्ह्यातल्या गावी जायचो. गावात भारनियमन आठ-दहा तासांचं. लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि डेस्कटॉपला यूपीएस नाही. म्हणून आमच्याकडं पहिला मॉड सुंदर आकाशाचा कधीच नव्हता, तो स्ट्रीमलाइन होता, कारण तो आपोआप सेव्ह करत राहायचा. गेममधल्या हिमालयाएवढ्या गेटमधून लढत बाहेर पडताना लाइट गेली आणि शेवटचा सेव्ह दोन तासांपूर्वीचा निघाला, हे एकदा झालं की माणूस स्वतःच यादी बदलतो.

वजनाचं म्हणजे फाइलच्या आकाराचं. चित्रांचे मोठे मॉड, क्यूटीपीसारखे, जीबीच्या घरात होते. ते सायबर कॅफेत तासाच्या पैशावर उतरवणं अशक्य. पण तक्ते बदलणारं प्लगइन म्हणजे नुसते आकडे आणि नावं. ते काही केबीत किंवा फार तर काही एमबीत मावायचं, पेन ड्राइव्हवर गावी जायचं. त्यामुळं इथल्या पोरांनी गेमचं रूप बदलायच्या आधी त्याचा हिशेब बदलला. दिसायला जुनाट, पण आतून घट्ट असा ऑब्लिव्हियन मराठवाड्यात बऱ्याच जणांनी खेळलेला आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

अडचण आवृत्तीची होती. बाजारातल्या नकली डीव्हीडीवर बहुधा सुरुवातीची आवृत्ती असायची. ओबीएसई हे स्क्रिप्ट वाढवणारं साधन, आणि त्यावर उभे असलेले सगळे चांगले मॉड, कंपनीचा शेवटचा अधिकृत पॅच, म्हणजे दुरुस्तीची १.२.०४१६ ही आवृत्ती, मागायचे. तो नसला की काहीच बसत नाही, आणि का बसत नाही हेही समजत नाही. अस्सल प्रत घेतली त्या दिवशी आमचे सहा महिन्यांचे प्रश्न एका दुपारी सुटले.

नंतरच्या काळात गोष्टी भराभर बदलल्या. व्हिस्टापासून पुढं विंडोज ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ढवळाढवळ करू देईना, म्हणून गेम वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा नियम पडला, तो आजही पाळावा. मूळ गेम ३२-बिटचा, दोन जीबीच्या पुढची मेमरी वापरत नाही, म्हणून ४ जीबी पॅच आला. पैशांचा वादही जुनाच. एप्रिल २००६ मध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोक चिडले होते. एप्रिल २०१५ मध्ये स्कायरिमचे मॉड विकायचा प्रयोग झाला, त्यात मॉड करणाऱ्याला पंचवीस टक्के मिळणार होते, आणि चार दिवसांत तो मागं घ्यावा लागला. २०२१ मध्ये मॉडच्या सगळ्यात मोठ्या संग्रहानं ठरवलं की एकदा चढवलेली फाइल कर्त्यालाही पूर्ण पुसता येणार नाही. बरेच जुने कर्ते नाराज होऊन गेले. खेळणारा म्हणून मला तो निर्णय सोयीचा आहे, पण ज्यानं फुकट काम केलं त्याचा आपल्या कामावरचा हक्क असा संपवणं मला पटलेलं नाही.

२०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि वजनाची अट सुटली. आता गावातला पोरगाही एका रात्रीत जीबी-जीबीचे चित्रांचे मॉड उतरवतो, आणि मग गेम अडखळतो म्हणून विचारायला येतो. तक्त्यांकडं कुणी बघत नाही.

नव्या आवृत्तीनं लेव्हल चढायची रीत सुधारली आहे. दर लेव्हलला बारा गुण मिळतात, ते तीन गुणांत वाटायचे, आणि दुय्यम कौशल्यंही मोजली जातात. चढत-चढत दुबळं होण्याचा जुना प्रकार त्यानं बराच संपवला. पण जग अजूनही तुमच्या लेव्हलकडं बघूनच बदलतं. मॉडना अधिकृत पाठिंबा नाही असं कंपनीनं सांगितलं, तरी आत जुनंच इंजिन असल्यामुळे प्लगइन पहिल्याच दिवसापासून चालायला लागले, आणि त्यांतले कितीतरी याच जुन्या तक्रारीवरचे होते.

परवा परभणीहून एका अकरावीच्या मुलानं स्वतःची यादी पाठवली. चाळीस मॉड; त्यात ट्रिपल-ओ आणि फ्रान दोन्ही, आणि बॅश्ड पॅच नाही. मी त्याला एवढंच विचारलं, ‘गुहेत शिरल्यावर पळून जायची वेळ आलेली चालेल का तुला?’ तो म्हणाला, ‘चालेल की दादा, परत येईन ना नंतर.’ मग फ्रान काढला.