भिंतीवरचा गुलाबी पट्टा: ॲनिमेशनपटातल्या रंगाची आणि उजेडाची पार्श्वभूमी

दुपारी तीनच्या सुमारास गोव्यातल्या एखाद्या जुन्या घरात उभं राहावं. शिंपल्यांच्या खिडकीतून गाळून आलेला दुधाळ उजेड लाल फरशीवर पडतो आणि पांढऱ्या भिंतीचा खालचा हातभर पट्टा गुलाबी होतो. चुन्यात कुणी लाल कालवलेला नसतो, ती फरशीची झाक असते. ॲनिमेशनपटात हा पट्टा कुणी रंगवायचा, याची आजवर तीन उत्तरं झाली आहेत.

टिंट केलेल्या फिल्मा आणि कातरलेल्या सावल्यांचा आरंभीचा काळ इथे सोडून देऊ. १९३२ साली ‘थ्री-स्ट्रिप’ टेक्निकलर या पूर्ण रंगांच्या चित्रणपद्धतीत पहिलं कार्टून आलं आणि पुढची जवळजवळ साठ वर्षं उत्तर एकच होतं: पट्टा पार्श्वभूमीचा चित्रकार रंगवणार, कुंचल्याने. तेव्हा उजेड म्हणजेच रंग होता. पात्रं मात्र सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तक्त्यावर, मागच्या बाजूने, सपाट रंगात भरली जात. सेल एकावर एक ठेवल्या की खालच्या थरातला रंग मळकट दिसे. त्यामुळे तोच सदरा खालच्या थरात गेला की त्याचा रंग जरा उजळ करून घ्यावा लागे. एका सदऱ्यासाठी रंगाच्या दोन-तीन बरण्या! चंद्र किंवा कंदील झळकवायचा असेल तर कॅमेऱ्याच्या टेबलाखाली खरा दिवा लावून तेवढ्याच भागाचं दुसरं एक्स्पोजर घेत.

१९९० पासून मोठ्या चित्रपटांत रंगभरणी संगणकावर जाऊ लागली आणि बरण्या संपत गेल्या. खरी उलथापालथ १९९५ ला झाली. त्या वर्षीच्या ‘टॉय स्टोरी’ या पहिल्या संपूर्ण संगणकीय चित्रपटात भिंतीचा रंग ठरवणारा माणूस वेगळा आणि तिच्यावर उजेड टाकणारा वेगळा झाला. फरशीची झाक आपोआप पडत नसे. तिच्यासाठी जमिनीलगत एक लालसर दिवा मुद्दाम ठेवावा लागे.

हे दोघे एकमेकांपासून दूर गेले म्हणूनच ‘कलर स्क्रिप्ट’ या शब्दाला वजन आलं, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ याच शब्दाचा आहे. त्याचं मराठी कुणी ‘रंगसंगती’ करतं, कुणी तो शेडकार्ड समजतं. रंगसंगती एका चौकटीची असते, साडीची असते, दिवाणखान्याची असते. कलर स्क्रिप्टमध्ये वेळ असतो. प्रत्येक प्रसंगाचं तळहाताएवढं चित्र, सगळी एका ओळीत. डोळे बारीक करून ओळ पाहिली की गोष्ट कुठे अंधारते, कुठे उजळते, हे एक शब्द न वाचता कळलं पाहिजे. १९९५ च्या त्या चित्रपटाची अशी ओळ पेस्टल खडूंनी काढली होती, संगणकावर नव्हे. स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची ओळीने काढलेली रेखाटनं, पुरा झाल्यावर ती करावी असं बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. पहिला पाऊस कोणत्या प्रसंगात पडणार हे रंगाने ठरवायचं असेल, तर पटकथा बदलण्याची मुभा उरलेली असतानाच ही चित्रं भिंतीवर लागायला हवीत.

‘लायटिंग’चंही तसंच. गोव्यात लायटिंग म्हटलं की देवळाच्या जत्रेतल्या, चर्चच्या फेस्ताच्या माळाच डोळ्यांपुढे येतात. ॲनिमेशनमधलं लायटिंग सजावटीचं काम नव्हे. कुठे पाहायचं नाही, हेही तेच ठरवतं.

तिसरं उत्तर २०१३ च्या आसपासचं. उजेडाचे किरण एका वस्तूवरून दुसरीवर कसे उसळतात याचा हिशेब मोठ्या स्टुडिओंत संगणकच करू लागला आणि गुलाबी पट्टा आपोआप उमटू लागला. यात बरंच कमावलं, पण निवड मागे पडली. सेलच्या काळातला चित्रकार तो पट्टा गाळूही शकत असे, आणि अनेकदा गाळत असे. आता गाळायचा तर यंत्राला मुद्दाम अडवावं लागतं.

पणजीत नोव्हेंबरातल्या चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने नवे ॲनिमेशनपट पाहणारी मुलं इथे वाढली आहेत. माझ्या वर्गात ती टॅब्लेटवर थेट सोळा रंग उघडतात. मी त्यांना आधी कावी दाखवतो: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो खरवडून काढलेली पांढरी नक्षी. तिथे तिसरा रंग नाही. म्हणून पहिली कलर स्क्रिप्ट काव आणि चुना या दोघांतच करायची. भिंतीवरचा गुलाबी पट्टा त्यानंतर, दुसऱ्या आठवड्यात.