ज्योत पेटली, हे फर्नेसला कळतं कसं?

थंड प्रदेशातल्या घरांत हिवाळ्यात हमखास उद्भवणारी एक तक्रार आहे. गॅस फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घर उबदार ठेवणारी भट्टी, पेटते, काही सेकंद छान निळी ज्योत दिसते आणि खट् आवाज होऊन सगळं विझतं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. चार-पाच वेळा असं झालं की यंत्र प्रयत्न सोडून देतं आणि घर गार पडायला लागतं. यावर सल्ले तयारच असतात: गॅसचा व्हॉल्व्ह गेला, सर्किट बोर्ड बदला. थोडे जाणकार म्हणतात, फ्लेम सेन्सर बघा, त्याला ज्योतीची उष्णता कळेनाशी झालीय. यातला सेन्सर बरोबर, उष्णता चूक. बर्नरसमोरच्या त्या बोटभर लांबीच्या सळईला उष्णतेशी काही देणंघेणं नसतं. तिचं काम त्याहून कितीतरी सुंदर आहे.

खोलीच्या तापमानावर नजर ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटनं मागणी केली म्हणून गॅस लगेच सुटत नाही. आधी एक छोटा पंखा ज्वलनकक्षातली हवा धुराड्याकडे ओढू लागतो. ओढ पुरेशी झाली की ती तपासणारा प्रेशर स्विच जुळतो. मग गॅस पेटवणारा इग्नायटर लालबुंद होतो आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह उघडतो. इथून पुढे ज्योत पेटल्याचा पुरावा बोर्डाला मोजक्या सेकंदांत मिळावा लागतो. मिळाला नाही तर गॅस बंद. कारण ज्योत नसताना सुटत राहिलेला गॅस कक्षात साठतो आणि मग उशिरानं ठिणगी मिळाली तर स्फोट होतो.

सतत जळणारी पायलट ज्योत असलेल्या जुन्या फर्नेसमध्ये हा पुरावा थर्मोकपल द्यायचं. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की काही मिलिव्होल्टचा दाब तयार होतो, त्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो. पण ज्योत विझल्यावर सांधा थंड व्हायला वेळ लागतो, कधी मिनिटभरही. मोठ्या बर्नरला एवढी सवलत देता येत नाही.

म्हणून ज्योतीतूनच वीज वाहवण्याची युक्ती आली. हो, ज्योत वीज वाहून नेते. नैसर्गिक गॅसमधला मुख्य घटक मिथेन जळताना मधल्या टप्प्यांत सीएच (एक कार्बन, एक हायड्रोजन) असा एक अल्पायुषी तुकडा तयार होतो. त्याची ऑक्सिजनच्या अणूशी गाठ पडली की इतकी ऊर्जा मोकळी होते की एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि मागे धन प्रभाराचा आयन उरतो. तो आपला प्रोटॉन लगेच शेजारच्या पाण्याच्या रेणूला देऊन टाकतो आणि हायड्रोनियम तयार होतो. शाळेत आम्लांच्या धड्यात भेटलेला, तोच. हे आयन रासायनिक अभिक्रियेतून येतात, नुसत्या तापमानातून नाही. शुद्ध हायड्रोजनची ज्योत मिथेनहून जास्त तापते, पण तिच्यात कार्बनच नसल्यानं आयन जवळजवळ सापडत नाहीत आणि असला सेन्सर तिच्यापुढे आंधळा ठरतो.

आता सळईला प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, व्होल्टेज द्यायचं आणि बर्नरचा धातू अर्थिंगला जोडलेला ठेवायचा. सळई बारीक, बर्नरचा पृष्ठभाग तिच्या कित्येक पट मोठा. सगळी गंमत या असमानतेत आहे. इलेक्ट्रॉन हायड्रोनियमपेक्षा सुमारे 35 हजार पट हलका, तो कुठूनही कुठेही झटकन पोचतो. आयन मात्र जड आणि मंद, त्यामुळे किती धारा वाहील हे आयन गोळा करणारा ऋण पृष्ठभाग किती मोठा आहे यावर ठरतं. सळई धन असते त्या अर्ध्या आवर्तनात आयन ऐसपैस बर्नरवर उतरतात, धारा बऱ्यापैकी वाहते. पुढच्या अर्ध्या आवर्तनात सळई ऋण होते, आयनांना तेवढीशीच जागा मिळते आणि धारा अगदी क्षीण राहते. दोन्हींची वजाबाकी केली की एका दिशेनं वाहणारी थोडीशी धारा उरते. एसी घातली, डीसी मिळाली. ज्योतच डायोड झाली! ही धारा असते साधारण 1 ते 6 मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचे काही दशलक्षांश.

या युक्तीला फसवणं फार अवघड आहे. वायर तुटली तर धारा शून्य. वायर कुठे धातूला टेकली किंवा ओल आली तर धारा दोन्ही दिशांनी सारखी वाहते, ती एसीच राहते आणि बोर्ड तिला ज्योत मानत नाही. डीसी देते ती फक्त खरी ज्योत.

मग तक्रार कुठून येते? घरातल्या हवेत स्प्रे, प्रसाधनं वगैरेंतून सिलिकॉनची संयुगं मिसळतात. ती ज्योतीत जळून सिलिका बनते, वाळूतली तीच, आणि तिचा पातळ थर सळईवर चढतो. सिलिका विजेची दुर्वाहक. ज्योत समोर धडधडत असते, पण धारा अर्ध्या मायक्रोअँपिअरखाली जाते आणि बोर्ड प्रामाणिकपणे गॅस तोडतो.

उपाय सोपा. फर्नेसचा वीजपुरवठा आणि गॅसचा कॉक बंद करा, सेन्सरचा एक स्क्रू काढा, चिनीमातीचा भाग न दुखावता सळई बाहेर घ्या, बारीक स्टील वूलनं हलकेच घासा, कोरड्या कापडानं पुसा, परत बसवा. खरखरीत सँडपेपर नको, त्याचे ओरखडे राहतात. तरीही तीच तक्रार राहिली तर संशय अर्थिंगवर घ्या. फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल तरीही बऱ्याच फर्नेसना ज्योत ‘दिसत’ नाही. सेन्सर किंवा कुठलाही सुरक्षा-स्विच बायपास करायचं मात्र कुणी सुचवलं तर त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका.

बाकीचे बिघाड याहून साधे. घरातली हवा गाळणारा फिल्टर तुंबला की हवा कमी पडते, ज्योतीची उष्णता त्या हवेला देणारा हीट एक्स्चेंजर जास्त तापतो आणि तापमानाची मर्यादा पाळणारा लिमिट स्विच बर्नर बंद करतो. फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी बदलला की हे टळतं. जास्त कार्यक्षम फर्नेसमध्ये धुरातली वाफ थंड होऊन पाणी ठिबकतं. त्याची नळी तुंबली किंवा बाहेरचं धुराडं बर्फानं बुजलं की प्रेशर स्विच जुळत नाही आणि फर्नेस पेटतच नाही.

गॅसच्या पाइपवर चुंबक बसवून इंधन वाचवायचे दावेही अधूनमधून दिसतात. मिथेनवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो, आणि त्याचे रासायनिक बंध ढिले करणं अशा चुंबकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्या पैशांत फिल्टर आणा.

फ्लेम सेन्सरला ज्योत आहे एवढंच कळतं. ती नीट जळते की नाही, हे नाही. हीट एक्स्चेंजरला तडा गेला किंवा धुराडं गळलं तर कार्बन मोनॉक्साइड खोल्यांत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट चिकटतो. पिवळी, हेलकावणारी ज्योत हा इशारा आहे, पण निळी ज्योत म्हणजे हमी नव्हे. त्यासाठी झोपायच्या खोल्यांजवळ वेगळा अलार्म हवाच, आणि त्याचीही मुदत ठरलेली असते, ती बघा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडा, फोन बाहेरून करा.

व्हॉल्व्ह, बर्नर आणि हीट एक्स्चेंजर तंत्रज्ञावर सोडा. वार्षिक तपासणीला तो आला की फ्लेम सेन्सरची धारा मोजून आकडा लिहून द्यायला सांगा, मीटर जोडायला त्याला काही मिनिटं लागतात. गेल्या हिवाळ्यात 4 असलेला आकडा यंदा दीडवर आला असेल, तर सळई घासायची वेळ ऐन थंडीतल्या मध्यरात्रीआधीच कळते.