रिपोर्ट नॉर्मल, दुखणं कायम: मज्जासंस्थेच्या वाटेनं जाणाऱ्या उपचारांची पार्श्वभूमी

तपासण्या झाल्या, एमआरआय झाला, रक्ताचे सगळे आकडे मर्यादेत आले, तरी कंबर दुखतेच आहे, थकवा हटत नाही, पोट बिघडलेलंच राहतं. अशा वेळी रुग्णाच्या कानावर पडणारं वाक्य ठरलेलं असतं: 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, फार मनावर घेऊ नका.' रुग्णाला त्यातून ऐकू येतं ते एवढंच, की आपल्यावर कुणाचा विश्वास नाही. सतत सावध राहिलेल्या मज्जासंस्थेला शांत करून जुनाट आजारातून बाहेर काढू, असं सांगणारे उपचार, ॲप आणि शिबिरं आज जागोजागी दिसतात. त्यांच्याकडे लोक वळतात ते बरंचसं या अविश्वासामुळे, आणि तो अविश्वास दीडशे वर्षं जुना आहे.

1869 मध्ये अमेरिकी डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी 'न्युरॅस्थेनिया' हे निदान रूढ केलं. बॅटरी उतरावी तशी माणसाच्या नसांमधली शक्ती उतरते, अशी त्यामागची कल्पना होती. फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल त्यावर सक्तीची विश्रांती सांगत: कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहायचं, दूध आणि भरपूर आहार घ्यायचा, मालिश करून घ्यायचं, वाचायला-लिहायला मनाई. रुग्ण बहुतेक स्त्रिया. अमेरिकी यादवी युद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांना नसलेल्या अवयवात दुखतं, हे बारकाईनं नोंदवणारे आणि त्या अनुभवाला नाव देणारेही हेच मिचेल. सैनिकाच्या नसलेल्या पायातल्या वेदनेवर त्यांनी ठेवला तेवढा विश्वास त्यांच्या खोलीबंद रुग्ण स्त्रियांच्या वाट्याला आला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी सात आजारांमागे मनातला संघर्ष असल्याचं मांडलं: जठरव्रण म्हणजे अल्सर, दमा, उच्च रक्तदाब, संधिवात, मोठ्या आतड्याचा दाह, थायरॉइडचा अतिरेक आणि त्वचेचा एक विकार. अल्सरच्या रुग्णांना कित्येक वर्षं ताण कमी करा असं सांगितलं गेलं. मग 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. पुढे मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणवून घेतली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्सर प्रतिजैविकांनी बरा होऊ लागला. 'मनामुळे झालं' असं कुणी ठामपणे म्हणालं की ही गोष्ट आठवावी, असं मला वाटतं.

शरीरशास्त्राची वाट तोवर वेगळी चालली होती. वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये 'लढा किंवा पळा' या प्रतिसादाचं वर्णन केलं. हान्स सेली यांनी 1936 मध्ये दाखवलं की निरनिराळ्या घातक गोष्टींना शरीर एकाच ठरावीक पद्धतीनं उत्तर देतं; आज आपण सर्रास वापरतो तो 'स्ट्रेस' हा शब्द त्यांच्याच कामातून पसरला. पण आजच्या उपचारांचा खरा पाया वेदनेच्या अभ्यासात घातला गेला.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरला एक गोष्ट खटकली. गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवं का, असं विचारलं तर जेमतेम चौथा हिस्सा 'हो' म्हणत होता. पुढे शस्त्रक्रिया झालेल्या सामान्य नागरिकांशी त्यानं तुलना केली. त्यांच्या जखमा लहान होत्या, तरी बहुतेकांना औषध हवं होतं. सैनिकासाठी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती, असा त्यानं अर्थ लावला. जखम केवढी आणि दुखणं केवढं, हे गणित सरळ नाही, एवढं त्यातून पक्कं झालं.

हे गणित सरळ का नाही, याचं पहिलं नीट उत्तर 1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी दिलं. पायाला चटका बसला की दोरी ओढून घंटा वाजावी तशी मेंदूत वेदना उमटते, ही सतराव्या शतकातल्या देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञापासूनची समजूत त्यांनी बाजूला सारली. त्यांच्या मते मज्जारज्जूत जणू एक दार असतं. खालून येणारे संदेश ते उघडतात, मिटतात, आणि मेंदूकडून खाली उतरणारे संदेशही. लक्ष, भीती, आधीचे अनुभव या साऱ्यांना शारीरिक वाट मिळाली. तपशील पुढे बदलले, पण मेंदू निव्वळ घंटा ऐकत बसत नाही, हे कायमचं मान्य झालं.

त्याहून मोठी उडी 1983 मधली. लंडनमध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात आणि इजेची जागा बधिर केली तरी तो बदल पूर्णपणे ओसरत नाही. म्हणजे दुखणं सुरू झालं एका ठिकाणी आणि टिकून राहिलं दुसऱ्याच ठिकाणी! स्नायू, सांधा, मणका तपासून काही न सापडलेल्या माणसाची वेदना खरी कशी असू शकते, हे या एका शोधानं समजावून सांगता आलं. या साऱ्या इतिहासातला हा मला सर्वात मोलाचा क्षण वाटतो.

दवाखान्यांतही हालचाल चालू होती. जॉन कबट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानावर आधारित कार्यक्रम सुरू केला. न्यूयॉर्कचे जॉन सार्नो पाठदुखीच्या रुग्णांना सांगत की मणक्यातला दोष हे कारण नाही, दाबून ठेवलेला राग आहे. सार्नो यांचं निरीक्षण तीक्ष्ण होतं. 1994 च्या एका अभ्यासात पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचं एमआरआय केलं, तर 64 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांमध्ये काही ना काही बिघाड दिसला. सार्नो यांच्या स्पष्टीकरणाला मात्र तसा पुरावा कधीच मिळाला नाही. दाबलेल्या रागाऐवजी मेंदूनं शिकलेला धोक्याचा इशारा, अशी मांडणी करणारा उपचार कोलोरॅडोमध्ये 151 जणांवर तपासला गेला. त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये छापले गेले: उपचार घेतलेल्यांपैकी 66 टक्के वेदनामुक्त किंवा जवळपास तसे झाले, लटकं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 20 टक्के. आकडा मोठा आहे. पण हे सौम्य ते मध्यम पाठदुखीचे रुग्ण होते, हे विसरून चालत नाही.

कारण हेच सूत्र सगळ्या आजारांना लावलं की काय होतं, ते एमई, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा विश्रांतीनंही न हटणाऱ्या थकव्याचा आजार, झालेल्यांनी भोगलं आहे. 1955 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले जवळजवळ 300 जण अशाच आजारानं आजारी पडले, बहुतेक तिथलेच कर्मचारी. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, एकाही रुग्णाला न तपासता, जुन्या नोंदी वाचून तो सामूहिक उन्माद ठरवला. रुग्णांत स्त्रिया जास्त होत्या, हाही त्यांच्या युक्तिवादाचा भाग होता. 2011 मध्ये 641 रुग्णांच्या 'पेस' या ब्रिटिश चाचणीनं टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलेला व्यायाम आणि विचारपद्धती बदलणारी थेरपी उपयोगी असल्याचं जाहीर केलं. रुग्ण सांगत राहिले की श्रम वाढवले की आम्ही कोसळतो, दिवसचे दिवस उठता येत नाही. 2016 मध्ये लवादाच्या आदेशानंतर आकडेवारी खुली झाली. बरं झाल्याचे निकष चाचणी सुरू झाल्यावर सैल केले गेले होते. मूळचे निकष लावल्यावर बरे झालेल्यांचं प्रमाण पार खाली आलं. 2020 नंतर लाँग कोविडचे रुग्ण याच वाटेवर आले. मज्जासंस्थेला 'पुन्हा शिकवण्या'च्या कार्यक्रमांबद्दल त्यांच्यातले कितीतरी जण चिडून बोलतात, तेव्हा त्या चिडीमागे हे सगळं असतं.

ब्रिटनमध्ये उपचार कसे द्यावेत हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेनं 2021 मध्ये सहा महिन्यांच्या अंतरानं दोन मार्गदर्शिका काढल्या. एप्रिलमधली ज्याचं वेगळं कारण सापडत नाही अशा जुनाट वेदनेची होती. तिनं व्यायाम आणि मानसोपचाराची शिफारस केली, अफूजन्य वेदनाशामकं सुरू करू नका असं बजावलं. ऑक्टोबरमधली एमईची होती. तिनं ठरावीक दरानं वाढवायचा व्यायाम देऊ नका, मानसोपचार द्यायचा तर आजार बरा करणारा म्हणून नाही, आधार म्हणून द्या, असं लिहिलं.