‘मोदक’ची गुबगुबीत अक्षरं आली कुठून

मागच्या हिवाळ्यात यावलकडे मळ्यात भरीत पार्टी होती, तिचं बॅनर माझ्याकडे आलं आणि मी ‘वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी’ हे मोदक नावाच्या फॉन्टमध्ये टाकलं. ळ बघतच राहिलो, दोन पोटं एकमेकांना खेटून बसलेली आणि मधे फक्त केसाएवढी फट.

हे अक्षर कॉम्प्युटरवर जन्मलेलं नाही, आधी हाताने कागदावर काढलेलं आहे. तसं मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळातही हाताचं अक्षर होतंच, गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर, म्हणजे लिहिलेलं अक्षर दगडावर उतरवून. पुढे शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे एकेका अक्षराच्या ठशांनी, जोर धरला, १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला, अक्षर सुबक आणि वाचायला सोपं झालं, पण खिळा म्हटला की प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत, शेजाऱ्याच्या अंगावर रेलायची सोय नाही.

ती सोय राहिली पेंटर लोकांकडे. लहानपणी भुसावळला पेंटरकाका दुकानाची पाटी रंगवताना मी तासन् तास उभा राहायचो, खडू लावलेला दोरा ताणून फटकन् सोडायचे, वर एक खाली एक रेघ उमटायची, मग शिरोरेघ, मग ब्रश पोटातून फिरवत जाड वळण, आणि शेवटी जागा कमी पडली की दोन अक्षरं सरळ एकमेकांना चिकटवून द्यायचे आणि तेच सगळ्यात छान दिसायचं! तिकडे मुंबईत कमल शेडगे जाहिरातींसाठी नाटकांची नावं हाताने अशी काढायचे की नाटकाचा स्वभाव अक्षरातच दिसायचा.

मग फ्लेक्स आला, ब्रश थांबले. विंडोजमध्ये र. कृ. जोशींचा मंगल हा फॉन्ट मिळाला, वाचायला उत्तम, पण भरीत पार्टीच्या बॅनरवर तो नाही चालत. अशा कामाला मोठं, खेळकर अक्षर लागतं, आणि मोदक तेच आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचं हे काम, देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. परवाना खुला, फुकट, त्यामुळे चाळीसगावचा फ्लेक्सवालाही बिनधास्त वापरू शकतो. त्यांचाच बलू नावाचा फॉन्ट पण गोल आहे, आणि त्याच्या वेगवेगळ्या लिपींतल्या भावंडांची नावं भाई, दा, पाजी, तंबी, चेट्टन, म्हणजे त्या त्या भाषेतला भाऊच, मला हे फार आवडतं.

फक्त एक सांभाळा, मोदक दोन-चार शब्दांपुरताच आणि मोठा घ्या. आमच्या त्याच बॅनरवर मी खाली पत्ता पण मोदकमध्येच बारीक टाकला होता, छापून आला तर फटी बुजलेल्या, ‘मळा’ची नुसती काळी गोळी झालेली, शेवटी पत्ता बलूमध्ये करून दुसरी प्रिंट काढली.