डाव्या पायाचा ब्रेक आला कुठून?

ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोकळ्या मैदानावर आखलेल्या वळणदार मार्गावरच्या वेळेच्या शर्यतीत, नव्याने उतरलेला चालक पहिल्यांदा डाव्या पायाने ब्रेक दाबतो तेव्हा गाडी हमखास गचकन थांबते. त्या पायाला आयुष्यभर क्लच तळापर्यंत दाबायची सवय असते, अंदाज घेत दाबणं त्याने कधी केलेलंच नसतं. पण हे तंत्र ज्यांनी रुजवलं त्यांना ते हौस म्हणून नव्हे, गाडीच्या गरजेपोटी जवळ करावं लागलं.

ती गाडी म्हणजे स्वीडनची साब 96. तीन सिलिंडरचं, 841 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि ताकद पुढच्या चाकांना. टू-स्ट्रोकचं वंगण पेट्रोलमधूनच येतं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि चाकांनी इंजिन फिरवत ठेवलं, तर ते कोरडं पडणार. म्हणून साबने फ्रीव्हील दिलं: अ‍ॅक्सिलरेटर सोडताच इंजिन चाकांपासून सुटं व्हायचं. त्यामुळे इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिनाच्या अडथळ्याने गाडी मंदावणं, गेलं, पण क्लच न दाबता गिअर बदलता येऊ लागले आणि डावा पाय मोकळा झाला. साबचा रॅलीचालक एरिक कार्लसन याने 1960 ते 1962 सलग तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली आणि 1962, 1963 ला माँटे कार्लो जिंकली ती याच गाडीतून. एवढ्याशा इंजिनाचा जोर वळणावर पडू द्यायचा नाही, म्हणून उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि डावा ब्रेकवर.

फिनलंडचे रॅलीचालक रौनो आल्टोनेन आणि टिमो मॅकिनेन यांनी मिनी कूपरमध्ये हेच तंत्र धारदार केलं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वेगात वळवली की सरळ पुढे घसरत जाते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने ब्रेक लावला, तर पुढची चाकं इंजिनाच्या जोरावर फिरत राहतात, वजन पुढे येतं, हलकी झालेली मागची चाकं बाहेर सरकतात आणि नाक वळणात शिरतं. माझ्या मते या तंत्राचं खरं सामर्थ्य गाडी थांबवण्यात नाही, वळवण्यात आहे.

1980 च्या दशकात ऑडी क्वाट्रोने आणखी एक कारण दिलं: टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की टर्बो मंदावायचा आणि ताकद परत यायला वेळ लागायचा. 1984 ला क्वाट्रोतून रॅलीचा विश्वविजेता झालेला स्टिग ब्लोमक्विस्ट साबच्याच तालमीतला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कसलेला जर्मन रॅलीचालक वॉल्टर रोरल यालाही क्वाट्रोसाठी डावा पाय नव्याने शिकवावा लागला.

हौशी चालकाला ऑटोक्रॉस यासाठी सोयीचं आहे, कारण बरीचशी फेरी दुसऱ्या गिअरमध्येच निघते आणि क्लचचं काम थोडंच उरतं. आपल्याकडे मारुती 800 पासून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या घरोघरी आल्या. मातीच्या मैदानावर अशाच गाड्या धावतात, त्यामुळे मिनीचा धडा इथे थेट लागू पडतो.

अडचण नव्या गाड्यांची आहे. 2009-10 मध्ये अ‍ॅक्सिलरेटर अडकण्याच्या तक्रारींवरून टोयोटाने गाड्या परत बोलावल्या, त्यानंतर ब्रेक दाबताच अ‍ॅक्सिलरेटर निकामी करणारी यंत्रणा अनेक कंपन्यांनी बसवली. आपली गाडी दोन्ही पेडल एकत्र दाबू देते का, हे मोकळ्या मैदानावर, कमी वेगात आधी पाहून घ्यावं. देत नसेल तर आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडून मग डाव्या पायाने ब्रेक लावता येतो. उजवा पाय उचलून ब्रेकवर नेण्याचा वेळ तेवढ्यानेही वाचतो.